डोळे पिवळे होण्याआधी

आमच्या लहानपणी काविळीचं निदान उन्हात व्हायचं. मूल दोन-तीन दिवस जेवायला नको म्हणू लागलं, अंगात कणकण राहिली, लघवी गर्द पिवळी दिसली, की आई त्याला वाड्याच्या चौकात ऊन उतरलेल्या जागी उभं करायची आणि खालची पापणी बोटाने ओढून पाहायची. घरातल्या बल्बच्या उजेडात डोळ्यातला पिवळेपणा कळत नाही, म्हणून ऊन. शेजारच्या काकू, समोरच्या आजी, वरच्या मजल्यावरच्या मावशी अशा सगळ्यांचं एकेकदा पाहून झालं की निकाल लागायचा. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पंधरा-वीस बिऱ्हाडं होती, आणि पावसाळ्यात त्यातल्या कुणा ना कुणाच्या घरी कावीळ यायचीच.

मग सगळा वाडा त्या मुलाचा होऊन जाई. तेल-तूप बंद, हळद बंद. ताकभात, साळीच्या लाह्या, चुरमुरे, मुळ्याच्या पाल्याचा रस. मळमळणाऱ्या मुलाला फोडणीचा वास सोसत नाही म्हणून शेजारच्या काकू दार लोटून घेऊन आमटीला फोडणी द्यायच्या. शाळेतली वही कुणीतरी उतरवून आणायचं. माझ्या दादाला कावीळ झाली तेव्हा दुपारी त्याच्याशी पत्ते खेळायला कोण बसणार याची मुलांनी पाळी लावली होती. ती कावीळ एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे त्या वेळी कुणी फारसं मनावर घेत नसे. आजारी मुलगा एकटा पडता कामा नये, हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

औषधं देणारी घरंही ठरलेली असत. गळ्यात माळ घालायची. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेले असायचे, ते वाळून आकसले की गाठी सैल होत आणि माळ लांबत पोटापर्यंत येई. माळ उतरली, कावीळ उतरली. कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावी. हाताला आधी आंब्याच्या सालीचं पाणी चोळलेलं असे, त्यामुळे निवळी पिवळी होई आणि लोक म्हणत, बघा, अंगातून निघाली. कुणी देवडांगरीचे थेंब नाकात सोडायचं आणि मग नाकातून दिवसभर पिवळं पाणी गळायचं. मनगटावर तापलेल्या सळीने दिलेले डाग अजूनही आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या हातावर सापडतील. भुईआवळीचं थोडं वेगळं आहे. तिचा रस काविळीवर देतात ही गोष्ट खुद्द बारूक ब्लूमबर्ग यांनी गंभीरपणे घेतली. हेपॅटायटिस बीचा विषाणू शोधल्याबद्दल १९७६ सालचं नोबेल मिळालेला हा माणूस मद्रासमधल्या संशोधकांबरोबर भुईआवळीवर काम करत होता आणि १९८८ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढच्या चाचण्यांत तो गुण टिकला नाही. पण आमच्या आज्यांनी परसातून उपटलेली वनस्पती जगातल्या सर्वांत मोठ्या कावीळ-संशोधकाने तपासून पाहिली, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

या सगळ्या उपायांना यश येई ते एका कारणाने. पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ उतरायला तेवढाच वेळ लागतो.

ज्यांची आपोआप बरी होत नसे, त्यांची आठवण मात्र वाड्याने जपली नाही. मागच्या खोल्यांतल्या वहिनींना आठव्या महिन्यात कावीळ झाली. सकाळी डोळे पिवळे दिसले होते. चार दिवसांत त्या बेशुद्ध झाल्या, आणि गेल्या. मूलही गेलं. बायका कुजबुजत, की दोन जीवांची होती, कुठेतरी काहीतरी चुकलं असेल. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना काय झालं होतं, याचं उत्तर आमच्याच गावात, आंबेडकर रस्त्यावरच्या एका संस्थेत, त्याच काळात हळूहळू आकाराला येत होतं.

पुण्यात १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर निघालं, आणि १९७८ मध्ये त्याचं नाव राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झालं. त्याच वर्षी डॉ. खुर्शीद पावरी संस्थेच्या संचालक झाल्या. त्या जागेवर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. काविळीचा धागा मात्र दिल्लीपासून सुरू होतो. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेचं पात्र सरकलं, नजफगड नाल्याचं मैलापाणी उलटं फिरून वजिराबादच्या पाणी उपसा केंद्राच्या तोंडाशी आलं आणि आठवडाभर शहराच्या नळांतून गेलं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत सुमारे २९ हजार माणसं पिवळी झाली. गरोदर बायकांचे मृत्यू त्यात ठळकपणे जास्त होते. तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं, की ही नेहमीची, म्हणजे पुढे जिला ए म्हटलं गेलं ती कावीळ. पण रुग्णांच्या रक्तातलं सीरम कुणीतरी जपून ठेवलं होतं. पंचवीस वर्षांनी, ए आणि बीच्या चाचण्या हाती आल्यावर, ते सीरम आणि अहमदाबाद, पुणे इथल्या काविळीचे नमुने तपासले गेले. त्यात ए नव्हता आणि बीही नव्हता. १९८० साली अमेरिकन संशोधकांबरोबर पुण्याच्या श्रीनिवासन, प्रसाद आणि पावरी यांच्या नावांनी हे जगापुढे आलं. काश्मिरात डॉ. मोहम्मद सुलतान खुरू त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर आले होते. मॉस्कोत बालायन नावाच्या शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, स्वतःला कावीळ करून घेऊन, १९८३ मध्ये तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. १९८१ची कोल्हापूरची साथ पुण्याच्या संशोधकांनी घरोघर जाऊन अभ्यासली होती. तीही याच विषाणूची. आज त्याला आपण हेपॅटायटिस ई म्हणतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावतात, असं जुन्या साथींतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. वहिनींच्या बाबतीत हे मला कळलं तेव्हा मी रक्तपेढीत नोकरीला लागले होते, आणि त्या दिवशी आईला फोन करून सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.

रक्तपेढीत मी तंत्रज्ञ म्हणून गेले तेव्हा रक्तातून पसरणाऱ्या हेपॅटायटिस बीच्या चाचणीला सगळे ऑस्ट्रेलिया अँटिजेनच म्हणत. जेलच्या पट्टीवर दात्याचं सीरम आणि समोर प्रतिद्रव्य ठेवून वीजप्रवाह द्यायचा, मग पट्टी उजेडासमोर धरून दोन्हींच्या मध्ये पांढरी रेघ उमटते का, ते शोधायचं. रेघ पुसट असली की दोघी-तिघींनी पाहायचं. पुष्कळ संसर्ग त्या पट्टीला दिसतही नसत. पुढे एलायझा आली: ९६ खाचांची प्लेट, शेवटी आम्ल टाकलं की संसर्ग असलेल्या खाचेतलं निळं पाणी पिवळं होतं. माणूस ठणठणीत, कामावर जाणारा, रक्तदान करून बिस्किटं खाऊन घरी गेलेला, आणि इथे त्याची खाच पिवळी.

त्या पिवळ्या खाचेचं काय करायचं, याची तेव्हा कुणाकडे नीट सोय नव्हती. बाटली बाजूला काढायची आणि नष्ट करायची. दात्याला कळवायचं की नाही, कुणी कळवायचं, कळवून त्याला पाठवायचं कुठे, यावर वर्षानुवर्षं नुसती चर्चा होत राहिली. मला आज सर्वांत जास्त टोचतं ते हेच. ज्या माणसाच्या डोळ्यांत पिवळेपणा आला त्याच्यासाठी अख्खा वाडा धावत होता; ज्याच्या रक्तात आला त्याला कुणी साधं पत्रही टाकलं नाही.

आणि त्या बाटल्या येत कुठून? ऑपरेशन ठरलं की नातेवाईक रक्तासाठी वणवण करत. रक्त विकून पोट भरणारी माणसं मोठ्या दवाखान्यांच्या दारात उभी असत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्री बंद झाली. हेपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये सापडला, पण आपल्याकडे रक्ताच्या प्रत्येक पिशवीची सीसाठी तपासणी २००१ मध्ये सक्तीची झाली. मधली बारा वर्षं ते रक्त तपासणीशिवाय लोकांच्या शरीरात जात राहिलं. अमिताभ बच्चन यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात ते जखमी झाले, भराभर रक्त चढवलं गेलं, त्यातून बीचा विषाणू आला आणि पुढची जवळजवळ दोन दशकं त्यांचं यकृत आतून झिजत राहिलं. यकृताचा पाऊण भाग गेला, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

रक्ताच्या बाटलीपेक्षाही सार्वत्रिक होती ती सुई. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात पडद्यामागे स्टोव्हवर स्टीलचं पात्र असायचं आणि त्यात काचेच्या सिरिंजा उकळत असायच्या. स्पिरिटचा वास, कंपाउंडरच्या हातातला चिमटा, काचेवर काच आपटल्याचा किणकिणाट. ती आठवण मला फार जिव्हाळ्याची आहे. ते डॉक्टर पैसे नसले तरी औषध देत. पण गर्दीच्या दिवशी ती भांडी किती मिनिटं उकळली, दोन पेशंटांच्या मध्ये सुई नुसती पुसली गेली का, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या थेंबात आठवडाभर तग धरतो. जत्रेत गोंदवून घेणाऱ्या बायकांची रांग एकाच सुईपुढे बसायची. न्हावी एकाच वस्तऱ्याने सकाळपासून दुपारपर्यंत दाढ्या करायचा. २००९ मध्ये गुजरातेत मोडाशाला बीची साथ आली आणि कितीतरी माणसं गेली, तेव्हा मूळ तिथल्या दवाखान्यांत पुन्हा वापरलेल्या सुयांपाशी सापडलं. पुण्याच्या संस्थेनेच त्या विषाणूचा अभ्यास केला. तेव्हा आमच्याकडे काचेच्या सिरिंजा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

पाण्याची गोष्ट याहून वेगळी, आणि माझ्या मते पुण्याबद्दल जास्त सांगणारी. आमच्या काळी सगळं शहर एकच पाणी प्यायचं. खडकवासला धरणाचं पाणी पर्वतीला यायचं, तिथून पेठांत. १९६१ मध्ये पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नळ कोरडे पडले आणि लोक कात्रजच्या पेशवाई हौदांकडे वळले, वकील आणि हमाल एकाच हौदावर, असं वडील सांगायचे. नळाचे आणि मैलापाण्याचे पाइप जुन्या गल्ल्यांत शेजारीशेजारी गेलेले; पाणी तासापुरतं यायचं, मधल्या वेळेत रिकामा पाइप बाहेरची घाण फटीतून आत ओढायचा. त्यामुळे एचा विषाणू घरोघर सारखाच पोचे. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणेकरांचे १९८२चे आणि १९९२चे रक्तनमुने तुलना करून पाहिले. एची प्रतिद्रव्यं लहान वयातच जवळजवळ प्रत्येकात. म्हणजे आम्हा बहुतेकांना बालपणीच तो होऊन गेला होता, आईला उन्हातही दिसला नव्हता इतका सौम्य. ईची प्रतिद्रव्यं मात्र लहान मुलांत थोडी आणि तरुण वयात वाढत गेलेली.

नव्वदीच्या दशकात हे चित्र फाटलं. सुखवस्तू घरांत पाण्याला आधी कँडलचा फिल्टर आला, मग यंत्रं आली, मुलं एच्या संसर्गाशिवाय मोठी होऊ लागली. वस्तीतल्या मुलांत जुनंच प्रमाण टिकून राहिलं. म्हणून आज कोथरूड-बाणेरच्या घरातलं स्वच्छ पाण्यावर वाढलेलं मूल विशीत वसतिगृहात जातं, बाहेरचं सरबत पितं आणि पहिल्यांदाच एला भेटतं, मोठ्या वयात, म्हणून जास्त कडक. एची लस आहे. ती खासगी दवाखान्यात, ज्याला परवडेल त्याला.

आणि ई कुणाकडे राहिला? त्याच संस्थेच्या संशोधकांनी पुण्यातल्या मैलापाण्यात काम करणाऱ्या कामगारांचं रक्त तपासलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ईचा संसर्ग होऊन गेलेल्यांचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि जो जास्त वर्षं कामावर त्याच्यात जास्त. पुण्याच्या रस्त्यांवर मोकाट फिरणाऱ्या डुकरांवरही संशय होता. त्यांच्यातही ई सापडला, पण त्याची जात वेगळी निघाली: माणसांत पहिला जनुकप्रकार, डुकरांत चौथा. माणसाला तो माणसाच्याच मैल्यातून येत होता. ड्रेनेज खात्यातला बिगारी चेंबरचं झाकण उचलून आत उतरतो, वर येऊन नळाखाली हात धुतो आणि तिथेच डबा उघडतो, हे मी लहानपणी पाहिलं आणि परवा आमच्या गल्लीतही पाहिलं. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे. जेटिंगच्या गाड्या आल्या, हातमोजे आले. तरी तुंबलेल्या चेंबरशी शेवटी हात घालायला माणूसच उभा असतो. वाड्यात कावीळ सर्वांची होती. आता ती काही जणांची झाली आहे, आणि ते काही जण आपल्या नजरेच्या बाहेर राहतात.

बी आणि सी तर अशाच माणसांत दडून राहतात. शहरातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्यांमध्ये बीचं प्रमाण जास्त असल्याचं दोन दशकांपूर्वीच नोंदलं गेलं होतं. बुधवार पेठेतल्या देहविक्रय करणाऱ्या बायका, सुईने नशा करणारी मुलं, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडले जाणारे रुग्ण, महिन्या-महिन्याला रक्त घ्यावं लागणारी थॅलेसेमियाची मुलं, आणि आमच्यासारखे प्रयोगशाळेत, वॉर्डात सुया हाताळणारे. यांच्यापैकी कुणाचे डोळे पिवळे व्हायची वाट पाहिली तर उशीर होतो, कारण या दोन विषाणूंत पिवळेपणा बहुधा वीस-तीस वर्षांनी, यकृत सुकल्यावर दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालात भारतातले बीचे वाहक जवळजवळ तीन कोटी आणि सीचे पंचावन्न लाख धरले आहेत. त्यातल्या बहुतेकांना आपल्या रक्तात काय आहे हे ठाऊक नाही.

आज हाताशी किती आहे, हे पाहून मला भरून येतं. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बीची लस बनते; २०११ पासून ही लस देशभरच्या बाळांच्या लसीकरणात आहे आणि पहिला डोस जन्मल्यावर चोवीस तासांत द्यायचा असतो, कारण आईकडून बाळाला मिळालेला बी दहातल्या नऊ बाळांत कायमचा मुक्काम करतो. सीसाठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत, वर्ष-वर्ष, ताप आणि खिन्नता आणणारी, आणि खर्च असा की एका ओळखीच्या कुटुंबाने गावची जमीन काढली. आता साधारण तीन महिने रोज गोळी घेतली की शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. २८ जुलै २०१८ ला, ब्लूमबर्ग यांच्या जन्मदिवशी, केंद्राचा हेपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांवर तपासणी व औषधं मोफत झाली. ज्या पुसट रेघेसाठी आम्ही डोळे ताणत होतो, ती आज बोटाच्या एका थेंबात वीस मिनिटांत उमटते.

पाणी अजूनही विश्वासाचं झालेलं नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत ईने घरंच्या घरं आडवी केली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी भागात गुलियन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा विषाणू-जिवाणू निराळे होते, पण बोट पुन्हा पाण्याकडेच गेलं. त्या आठवड्यांत पुणेकर पुन्हा पाणी उकळू लागले, एकमेकांना विचारू लागले, विहिरीत क्लोरीन पडलं का याची चौकशी करू लागले. मला त्यात आमचा वाडा दिसला.

आता जुन्या वाड्याच्या जागी इमारत आहे. आम्ही मुलं, म्हणजे आता साठी उलटलेली, दिवाळीनंतर एकदा भेटतो. काचेच्या सिरिंजा, जत्रेतलं गोंदण, रांगेतला वस्तरा, दादाच्या काविळीतले पत्ते, सगळं हसत हसत निघतं. मी ते ऐकताना मनात यादी करत जाते. अमकीचं सीझर १९८८चं, दोन बाटल्या रक्त दिलं होतं. तमक्याचं अपघातानंतरचं ऑपरेशन १९९४चं. एकीने माहेरच्या जत्रेत कोपरापर्यंत गोंदवून घेतलेलं. बाळांच्या लसीकरणात लस आली तेव्हा आम्ही सगळे चाळिशी-पन्नाशीचे होतो. धोक्याच्या गटांची नावं सरकारी कागदावर वाचताना आपल्याला ती परकी वाटतात, पण सुई, रक्त आणि वस्तरा यांच्या आठवणी असलेली आमची अख्खी पिढी त्या गटातच मोडते.

गेल्या वेळी मी सगळ्यांना तपासणीला चला म्हटलं. तिघी माझ्याबरोबर आल्या. बाकीच्यांचं म्हणणं, की आम्हाला काही होत नाहीये. तपासणी केलेल्यांतल्या एकीची सीची चाचणी पॉझिटिव्ह आली. तिचं यकृत अजून चांगलं आहे, गोळ्या चालू झाल्या आहेत, आणि बाकीच्यांना फोन करायचं काम आता तिनेच घेतलं आहे. आमच्या गल्लीच्या ड्रेनेजवर येणाऱ्या मुकादमालाही मी त्याच्या माणसांसाठी तपासणी केंद्राचा पत्ता आणि वार लिहून दिला. तो म्हणाला, आमचे लोक रोजंदारीवर आहेत, दिवस बुडवून येणार नाहीत, रविवारी कुणी इथे येऊन रक्त घेईल का? तेवढी सोय कुणाकडून होईल, याच्या खटपटीला मी लागले आहे.